कोट ऑफ आर्म्स संगणकावर अचूक कसं काढावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ढाल, तिच्यावरची चिन्हं, वर शिरस्त्राण, त्याच्या दोन्ही बाजूंनी लहरणारं कापड आणि खाली बोधवाक्याची पट्टी, हा कोट ऑफ आर्म्सचा परिचित थाट. बाराव्या शतकात पश्चिम युरोपातल्या सरदारांच्या ढालींवर ही पद्धत रुजली आणि पुढे तिचं हेराल्ड्री नावाचं काटेकोर शास्त्र झालं. आपल्याकडच्या डिझायनरांकडे हे काम अनेक वाटांनी येतं. जुनी मिशनरी शाळा असते, क्लब असतो, गेममधलं काल्पनिक राज्य असतं, गोव्यातलं एखादं घराणं किंवा परदेशातला ग्राहक असतो. काम हाती आलं की बहुतेक जण इंटरनेटवरचं एखादं चित्र उघडून ते ट्रेस करायला बसतात. ती सवय सुटावी, म्हणून हे पान. नियम मुख्यतः इंग्रजी परंपरेतले दिले आहेत.

ग्राहकाने चित्र पाठवलंय. तेच ट्रेस केलं तर काय बिघडतं?

चित्र हा पुरावा नाही, म्हणून बिघडतं. हेराल्ड्रीत प्रमाण मानतात ते शब्दांतलं वर्णन. त्याला ब्लेझन म्हणतात. त्या वर्णनावरून कोणत्याही काळातल्या कोणत्याही चित्रकाराने काढलेली ढाल तितकीच खरी असते, मग सिंहाची आयाळ कुणी कुरळी काढो की सरळ. बंदिश एकच, पण प्रत्येक गवई ती आपल्या अंगाने मांडतो, तसंच हे आहे. तुम्ही चित्र ट्रेस करता तेव्हा त्या चित्रकाराचा हात उचलता, आणि त्याच्या चुकाही. लेटरहेडवर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापलेल्या चिन्हात सिंहाची जीभ गेलेली असते, रंग विटलेले असतात, कधी सगळं चित्रच आरशातल्यासारखं उलटलेलं असतं.

म्हणून पहिला फोन ग्राहकाला करायचा आणि विचारायचं, "ब्लेझन आहे का? मूळ सनद आहे का?" इंग्लंडमध्ये ही नोंद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असते. ही संस्था १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने स्थापन केली. स्कॉटलंडसाठी एडिंबरातलं लॉर्ड लायनचं न्यायालय आहे. कॅनडाचं स्वतंत्र हेराल्डिक प्राधिकरण १९८८ पासून आहे.

शब्दांना इतकं वजन का, हे एका जुन्या खटल्यातून कळतं. १३८५ साली दुसऱ्या रिचर्डने स्कॉटलंडवर स्वारी केली, तेव्हा रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रॉव्हनर या दोघांच्या ढालींवर एकच चिन्ह निघालं: निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. ब्लेझन फक्त चार शब्दांचं, "अ‍ॅझ्युअर, अ बेंड ऑर". हक्क कुणाचा यावर खटला काही वर्षं चालला आणि खुद्द कवी चॉसरने १३८६ मध्ये साक्ष दिली. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रॉव्हनरने पुढे निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पट्टा कुणी किती सुबक काढला होता, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

ब्लेझन वाचायचं कसं?

मागून पुढे, म्हणजे पार्श्वभूमीकडून डोळ्यांकडे. आधी पार्श्वभूमीचा रंग, मग मुख्य चिन्ह, मग त्याच्या आजूबाजूची चिन्हं, मग त्या चिन्हांवर असलेली चिन्हं, आणि बहुधा शेवटी कड. हाच तुमच्या लेयरचा क्रम. फाइल उघडली की लेयरला ब्लेझनचेच शब्द नाव म्हणून द्या. पुढे कुणी फाइल तपासली तर शब्द आणि चित्र शेजारी शेजारी दिसतात.

इंग्लंडची ढाल घ्या: "गूल्स, थ्री लायन्स पासंट गार्डंट इन पेल ऑर, आर्म्ड अँड लँग्ड अ‍ॅझ्युअर". लाल पार्श्वभूमी, तीन सोनेरी सिंह, एकाखाली एक. पासंट म्हणजे चालणारे, गार्डंट म्हणजे तोंड आपल्याकडे वळवलेले. नखं आणि जीभ निळी. एवढं समजलं की चित्रात काय मोकळं आहे आणि काय बांधलेलं आहे हे दिसू लागतं. शेपटीचं वळण तुमचं, पण कोणता पंजा उचललेला हे तुमचं नाही. पासंट सिंहाचा उजवा पुढचा पंजा वर असतो. सिंह पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडे तोंड करून चालतो, म्हणून तो पंजा पलीकडच्या बाजूचा.

मुंबईशी जोडलेलं उदाहरण हवं असेल तर सर जमशेटजी जीजीभॉय यांचं घ्या. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. त्यांच्या निळ्या ढालीवर खाली घाटाचे डोंगर आणि त्यांच्यावर उगवता सूर्य आहे, वर दोन उडत्या मधमाश्या आहेत, सगळं नैसर्गिक रंगात. शिखरचिन्ह, म्हणजे शिरस्त्राणावरचं चिन्ह, म्हणून गव्हात उभा मोर, त्याच्या चोचीत गव्हाची लोंबी. बोधवाक्य "इंडस्ट्री अँड लिबरॅलिटी". सह्याद्री इंग्रजी ढालीवर गेलेला पाहून मला आजही आनंद होतो. सरावासाठीही ही ढाल उत्तम, कारण डोंगराचा आकार कसा असावा हे ब्लेझन सांगत नाही. तो तुम्हाला ठरवायचा आहे. ज्याने खंडाळ्याचे कडे पाहिलेत त्याने गोलगोल टेकड्या काढू नयेत.

डावं-उजवं उलटं का सांगतात?

ढाल धरणाऱ्याच्या बाजूने सांगतात. डेक्स्टर म्हणजे त्याची उजवी, आपल्याला दिसणारी डावी. सिनिस्टर त्याच्या उलट. बेंड हा पट्टा डेक्स्टरच्या वरच्या कोपऱ्यातून निघतो, म्हणजे पडद्यावर वर डावीकडून खाली उजवीकडे. उलटा निघाला तर तो बेंड सिनिस्टर, म्हणजे वेगळंच चिन्ह.

सॉफ्टवेअरमधलं मिरर बटण इथे घात करतं. प्राणी मुळात डेक्स्टरकडे, म्हणजे पडद्यावर डावीकडे पाहतात. पानाच्या मांडणीत बरं दिसतं म्हणून सिंह फिरवला, तर ब्लेझन मोडलं. जर्मन परंपरेत पतिपत्नीच्या ढाली शेजारी ठेवताना आदर म्हणून एकीवरचे प्राणी दुसरीच्या दिशेने वळवतात, पण तो ठरलेला रिवाज आहे.

ढालीचा आकार कोणता घ्यावा?

ब्लेझनमध्ये ढालीचा आकार बहुधा नसतोच, म्हणून तो तुम्ही निवडता. इंग्रजी परंपरेत स्त्रियांची चिन्हं पारंपरिकरीत्या शंकरपाळीच्या आकारात दाखवली जातात, एवढं लक्षात असू द्या. नवख्याने तेराव्या-चौदाव्या शतकातली साधी त्रिकोणी ढाल घ्यावी. तिला हीटर म्हणतात. कुरळ्या कडांच्या, कान फुटलेल्या ढाली चिन्हांची जागा खातात.

रचना भूमितीने करा. रुंदी ३ भाग धरा. दोन्ही बाजू वरून १ भाग सरळ खाली आणा. तिथे आडवी गाइड टाका. तिच्या दोन टोकांवर केंद्र ठेवून रुंदीइतक्याच, म्हणजे ३ भाग त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. ती खाली जिथे छेदतात ते ढालीचं टोक. एकूण उंची साधारण ३.६ भाग येते. इंकस्केपमध्ये दोन वर्तुळांचं इंटरसेक्शन घेऊन गाइडच्या वरचा भाग कापायचा आणि तिथे आयत जोडायचा. कोरलमध्ये इंटरसेक्ट, ट्रिम आणि वेल्ड. हाताने बेझिअर ओढत बसू नका. डावी-उजवी कड जराशी जरी वेगळी झाली तरी डोळ्याला खुपते.

पट्टे किती रुंद आणि कुठे ठेवायचे?

जुनी पुस्तकं सांगतात की उभा पट्टा, आडवा पट्टा आणि वरची पट्टी ढालीच्या एक तृतीयांश असावी. मध्ययुगीन ढाली पाहिल्या तर चित्रकार इतके बांधलेले नव्हते. पट्ट्यावर चिन्हं असतील तर तो एक तृतीयांश घ्या, मोकळा असेल तर एक चतुर्थांश ते एक पंचमांश छान दिसतो.

जागेचा प्रश्न जास्त अवघड आहे. ढाल खाली निमुळती होते, म्हणून भूमितीय मध्यावर क्रॉस ठेवला तर तो घसरल्यासारखा दिसतो आणि खालचे दोन चतकोर उपाशी राहतात. वर दिलेल्या ढालीत आडवी रेघ वरून १.८ भागांवर नको, १.४ ते १.५ भागांच्या दरम्यान ठेवा. हिशेब केला तर चारही चतकोरांचं क्षेत्रफळ तिथेच जवळपास सारखं येतं. चार घराण्यांची चिन्हं चतकोरांत बसवायची असतील तर हा फरक निर्णायक ठरतो.

बेंडची मध्यरेषा वरच्या डाव्या कोपऱ्यातून ४५ अंशांवर काढा. ती ढालीच्या खालच्या टोकाला जात नाही, समोरच्या वक्र कडेला मिळते. पुष्कळ जण टोक गाठायला कोन उभा करतात आणि पट्टा कोसळल्यासारखा दिसतो. ढालीपेक्षा लांब आयत काढा, फिरवा, ढालीची प्रत घेऊन इंटरसेक्ट करा. स्क्रोपची ढाल तयार.

रंगांचे नेमके आकडे कोणते?

नेमके आकडे नाहीत. हेराल्ड्रीत लाल म्हणजे लाल. तो शेंदरी आहे की किरमिजी, हा चित्रकाराचा निर्णय. अट एकच: दूरून पाहणाऱ्याला शंका येता कामा नये.

दोन धातू आहेत: सोनं म्हणजे ऑर आणि चांदी म्हणजे आर्जेन्ट. पाच मुख्य रंग आहेत: गूल्स लाल, अ‍ॅझ्युअर निळा, व्हर्ट हिरवा, सेबल काळा, पर्प्युअर जांभळा. शिवाय काही दुर्मिळ छटा आणि फरचे, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्याचे, नमुने: एर्मिन, व्हेअर वगैरे. सोनं पिवळ्याने दाखवतात, चांदी पांढऱ्याने. चांदी म्हणून राखाडी भरू नका, आणि सोन्याला चमकदार ग्रेडियंट तर मुळीच देऊ नका. ग्रेडियंटमध्ये एक टोक तपकिरी आणि दुसरं जवळपास पांढरं होतं, म्हणजे एकाच जागी तीन रंग दिसतात.

सुरुवातीला माझे आरजीबी आकडे वापरा: लाल २००, २०, ३०, निळा ०, ७५, १६०, हिरवा ०, १२०, ६०, जांभळा ११५, ४०, ११०, सोनं २४५, १९५, ०, काळा २५, २५, २५. निळा फार गडद झाला की लहान आकारात काळा वाटतो, म्हणून तो उजळच ठेवा. नैसर्गिक रंगातली चिन्हं, उदाहरणार्थ मोर, मात्र वेगळी. तिथे पक्ष्याला त्याचेच रंग द्यायचे, पण तेही सपाट.

धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, हा नियम किती कडक?

नवं चिन्ह रचताना कडक पाळा. लाल सिंह निळ्यावर ठेवला तर रणांगणावर दिसत नाही, आणि आजच्या मोबाइलच्या पडद्यावरही दिसत नाही. पण जुनं चिन्ह उतरवताना नियमासाठी रंग बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर चांदीवर सोन्याचे क्रॉस आहेत, धातूवर धातू. ते तसंच काढायचं. फर आणि नैसर्गिक रंगातली चिन्हं नियमाबाहेर, आणि जीभ-नखांसारखे बारीक तपशीलही. इंग्लंडच्या लाल ढालीवर निळ्या जिभा चालतात त्या यामुळेच.

सिंह नेहमी मांजरासारखा का दिसतो?

कारण आपण खरा सिंह आठवून काढतो. हेराल्डिक सिंह म्हणजे एका आकाराने जागा कशी भरावी याचं उत्तर आहे. मागच्या पायावर उभा असलेला, पंजे उगारलेला रॅम्पंट सिंह बघा. छाती भरदार, कंबर अगदी बारीक, पंजे शरीराच्या मानाने मोठे, बोटं एकमेकांपासून फाकलेली, जीभ बाहेर, शेपूट वर वळून डोक्यामागची रिकामी जागा भरणारी. स्नायू दाखवायला छाया नको, दोन-तीन वळणदार रेघा पुरतात.

काम करताना सिंहाकडे पाहू नका, त्याच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागांकडे पाहा. सिंह एका गडद रंगाने भरा, आतले सगळे तपशील लपवा, आणि पार्श्वभूमीचे उरलेले तुकडे तपासा. ते आकाराने साधारण सारखे असायला हवेत. एका बाजूला मोठा खळगा आणि दुसरीकडे बारीक फट असेल तर पंजा हलवा, शेपूट लांबवा. या तपासणीने चित्र जेवढं सुधारतं तेवढं दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

नोड कमी ठेवा. पाठीच्या एका वळणाला दोन नोड पुरतात. ऑटो-ट्रेस केलेल्या सिंहाला शेकडो नोड येतात आणि कड थरथरते. बाह्यरेषा सगळीकडे एकाच जाडीची, आतल्या रेघा तिच्या साधारण निम्म्या. आकार लहान-मोठा करताना रेघेची जाडीही प्रमाणात बदलते आहे ना, हे सेटिंगमध्ये आधी पाहा. ते बंद राहिलं तर व्हिजिटिंग कार्डावर सिंहाचा काळा ठिपका होतो.

नखं-जिभेचा रंग इंग्रजी रिवाजात न सांगता लाल असतो. सिंह किंवा पार्श्वभूमी लाल असेल तर निळा. स्कॉटलंडचा सिंह लाल आहे, म्हणून त्याची नखं-जीभ निळी. इंग्लंडची ढालच लाल, म्हणून तिथेही निळी.

शैली शिकायची असेल तर चांगल्या हातांकडे जा. साधारण १३४० सालचा झुरिकचा आर्मोरियल रोल (आर्मोरियल म्हणजे ढालींच्या चिन्हांचा संग्रह) आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, ब्रसेल्सच्या राजग्रंथालयातला गेल्रे आर्मोरियल या दोन हस्तलिखितांनी डोळा तयार होतो. त्यातली चित्रं उघडून नुसती बघत बसलात तरी वेळ वाया जात नाही. अलीकडच्यांत जर्मन चित्रकार ऑटो हुप. त्यांचा मृत्यू १९४९ चा, म्हणजे भारतातली ६० आणि युरोपातली ७० वर्षांची कॉपीराइटची मुदत संपलेली.

चिन्हं ढालीत किती मोठी असावीत?

जेवढी मावतील तेवढी. मधोमध छोटासा गरुड आणि भोवती ओसाड जागा, हा आजच्या लोगोच्या सवयीचा दोष. तीन सारखी चिन्हं असतील आणि रचना सांगितली नसेल तर वर दोन, खाली एक. तिन्ही एकाच प्रतीची कॉपी असली तरी खालच्याला थोडं लांबवून किंवा आवळून त्याच्या निमुळत्या जागेत नीट बसवा. जुने कारागीर तेच करत. बेंडवरची चिन्हं बेंडच्या उतारासोबत झुकतात, सरळ उभी राहत नाहीत. सेमे म्हटलं असेल, म्हणजे चिन्हं सर्वत्र विखुरलेली, तर कडेवरची चिन्हं कापली जायला हवीत. फ्रान्सची जुनी ढाल अशीच लिलीच्या फुलांनी भरलेली होती. पुढे चौदाव्या शतकात ती तीन फुलांवर आली.

कड कशी काढायची?

ढालीची प्रत घेऊन इनसेट करा. कोरलमध्ये कंटूर. नुसती स्केल करून लहान केली तर खालच्या टोकापाशी कडेची रुंदी बदलते. कड आणि वरची पट्टी दोन्ही असतील तर सर्वसाधारणपणे पट्टी कडेवरून जाते.

स्कॉटलंडची दुहेरी रेघ, जिच्यावर आलटून पालटून आत-बाहेर लिलीची फुलं आहेत, तिला पॅटर्न अलाँग पाथ वापरता येतं, पण वळणावर फुलं दबतात आणि टोकाशी जुळणी चुकते. रेघा सॉफ्टवेअरने काढा, फुलं मात्र हाताने एकेक ठेवा.

एर्मिनचे ठिपके पॅटर्नने भरले तर चालतील का?

सुरुवात पॅटर्नने करा, मग ते सुटे करून हाताने सरकवा. पांढऱ्यावरचे काळे एर्मिन ठिपके एकाआड एक रांगांत बसतात. कडेला अर्धे कापलेले ठिपके घाणेरडे दिसतात, म्हणून ते आत ओढा. व्हेअर मात्र, म्हणजे निळ्या-पांढऱ्या घंटांसारखा नमुना, कडेपर्यंत सलग जातो आणि कापलाच जातो.

एका रंगात छापायचं असेल तर? शिक्का, लेझर, पितळी पाटी?

यासाठी रेघांची एक सुंदर पद्धत आहे. जेसुइट विद्वान सिल्व्हेस्टर पेट्रा सँक्टा यांनी १६३८ च्या ग्रंथात ती वापरली आणि त्यांच्याच नावाने ती रूढ झाली. सोनं म्हणजे ठिपके. चांदी कोरी. लाल उभ्या रेघांनी, निळा आडव्या. हिरव्याच्या रेघा पडद्यावर वर डावीकडून खाली उजवीकडे, जांभळ्याच्या त्याच्या उलट. काळा म्हणजे उभ्या-आडव्या रेघांची जाळी.

डिजिटल कामात चूक होते ती फिरवण्यात. पॅटर्न भरलेला बेंड तुम्ही ४५ अंशांत फिरवलात आणि पॅटर्नही सोबत फिरला, तर लालाचा थेट हिरवा किंवा जांभळा होतो. रेघांची दिशा ढालीच्या अक्षाशी बांधलेली असते, चिन्हाच्या कलाशी नाही. म्हणून आधी आकार फिरवून कापून घ्या, रेघा शेवटी भरा. लेझरसाठी रेघ पाव मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

शिरस्त्राण आणि ते लहरणारं कापड यांचे नियम काय?

शिरस्त्राणावर पिळलेल्या कापडाचा पट्टा असतो. त्याला बहुधा सहा पीळ दिसतात, धातू आणि रंग आलटून पालटून, आणि पडद्यावर डावीकडचा पहिला पीळ धातूचा. खाली लोंबणाऱ्या मँटलिंगची, म्हणजे त्या लहरणाऱ्या कापडाची, बाहेरची बाजू रंगाची, आतली धातूची. एकच अर्धी बाजू काढून मिरर करायचा मोह होतो. मँटलिंगपुरता तो चालतो, पण पीळ मिरर केले की क्रम मोडतो.

इंग्रजी रिवाजात शिरस्त्राण दर्जा सांगतं. साध्या घराण्याचं पोलादी, बंद, बाजूने दिसणारं. नाइट आणि बॅरोनेटचं समोरून, झडप उघडी. म्हणजे जीजीभॉय यांच्यासाठी दुसऱ्या प्रकारचं. बॅरोनेटची आणखी एक खूण असते: चांदीवर आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांताचा लाल हात, तोही डावा. मिररने उजवा करू नका.

बोधवाक्य इंग्लंडमध्ये ढालीखाली, स्कॉटलंडमध्ये बहुधा शिखरचिन्हाच्या वर.

इंटरनेटवरून तयार सिंह घेतला, किंवा एआयकडून चित्र काढून घेतलं तर?

विकिमीडिया कॉमन्सवर पुष्कळ चांगल्या एसव्हीजी आहेत. पण प्रत्येकीचा परवाना वेगळा. काही खुल्या, काहींना श्रेय द्यावं लागतं आणि तुमचं कामही त्याच अटींवर खुलं करावं लागतं. ब्लेझन सर्वांना वाचता येतं, चित्रावर मात्र चित्रकाराचा हक्क असतो. शिवाय चार जागांहून आणलेले चार तुकडे एका हाताचे वाटत नाहीत. एकाची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक.

ड्रॉशील्ड नावाचं मोफत साधन इंग्रजी ब्लेझन टाइप केलं की ढाल काढून दाखवतं. तुम्ही ब्लेझन बरोबर वाचलंत का, हे तपासायला ते फार उपयोगी. अंतिम चित्र तुमचंच हवं. एआयच्या चित्रात चिन्हांची संख्या, दिशा, पंजे, जिभेचा रंग हे सगळं एकेक तपासावं लागतं आणि शेवटी व्हेक्टरमध्ये नव्याने काढावंच लागतं. मग सुरुवातच ब्लेझनपासून केलेली बरी.

जुन्या गोव्यातल्या दगडावरचं चिन्ह उतरवायचं आहे. कसं करू?

हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण ते दगड झिजत आहेत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत, काही सोळाव्या शतकातली. शतकानुशतकं त्यांवरून पावलं गेली आहेत.

फोटो अगदी वरून, सरळ घ्या आणि शक्य असेल तर प्रकाश बाजूने पडत असताना. तिरप्या उजेडात बुजलेले उठाव दिसतात. शिळेजवळ मोजपट्टी ठेवा. परवानगी आधी घ्या. शिळेवर खडू किंवा पावडर लावू नका. संगणकावर फोटोचं पर्स्पेक्टिव्ह दुरुस्त करून तो खालच्या लेयरला कुलूप लावून ठेवा. वरच्या लेयरवर फक्त खात्रीने दिसणाऱ्या रेघा एका रंगात काढा, अंदाजाच्या दुसऱ्या रंगात. हा फरक फाइलमध्ये कायम राहू द्या. पुढच्या अभ्यासकाला त्यावरून काम करता येतं.

रंग दगडावरून कळणार नाहीत. १६३८ च्या आधीच्या शिळेवर आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर त्यांना पेट्रा सँक्टाचा निळा-लाल समजू नका. ती कोरणाऱ्याची सजावट असते. रंगासाठी घराण्याचं नाव शिळेवर वाचून पोर्तुगीज आर्मोरियल धुंडाळावे लागतात. तोवर चित्र रेघांतच ठेवावं.

पोर्तुगालचं राजचिन्ह स्वतः काढून बघा. चांदीवर क्रॉसच्या मांडणीत पाच निळ्या ढाली, प्रत्येकीवर चांदीचे पाच गोल, भोवती लाल कडेवर सोनेरी किल्ले, आता सात. जुन्या रूपात बाजूच्या दोन ढाली आत वळलेल्या असत. १४८५ मध्ये दुसऱ्या जोआओ राजाने त्या उभ्या केल्या. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, तेव्हा इथल्या किल्ल्या-चर्चवरच्या राजचिन्हात त्या उभ्याच असायला हव्यात. झिजलेला दगड पूर्ण करताना अशी माहिती हाताशी असली की अंदाज कमी करावा लागतो.

"आडनावाचं कोट ऑफ आर्म्स" काढून द्या म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

इंग्रजी कायद्यात चिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. आडनाव सारखं म्हणून दुसऱ्याची ढाल छापणं म्हणजे दुसऱ्याचं चिन्ह घेणं. ग्राहकाला हे स्पष्ट सांगा आणि त्याच्यासाठी नवी ढाल रचा. नव्या रचनेचं ब्लेझन लिहून चित्रासोबत द्या.

भारताचं राज्यचिन्ह, म्हणजे सारनाथचे सिंह, अशा रचनेत घेऊ नका. २००५ च्या कायद्याने त्याच्या गैरवापराला मनाई आहे. आणि शिवछत्रपतींच्या अष्टकोनी मुद्रेला ढालीचे नियम लावू नयेत. ती मुद्रा आहे, तिथे कोरलेला श्लोक आणि त्याचा ठसाच प्रमाण. आपली चिन्हं पाश्चात्य ढालीत बसवण्याचा मोठा प्रयोग १८७७ च्या दिल्ली दरबारात झाला. संस्थानिकांना दिलेल्या निशाणांसाठी रॉबर्ट टेलर या बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने चिन्हं रचली. देशी चिन्हं युरोपीय साच्यात बसवताना काय साधलं आणि काय हुकलं, हे तिथे नीट पाहता येतं.

छापखान्यात फाइल कशी द्यावी?

पांढरं असेल तिथे पांढरा रंग भरलेला हवा. चांदी म्हणून जागा रिकामी सोडली आणि चिन्ह निळ्या टी-शर्टवर छापलं, तर चांदीची ढाल निळी होते. बोधवाक्याचे फॉन्ट कर्व्ह करा. बाह्यरेषांचे स्ट्रोक पाथमध्ये बदला, पण तशी फाइल वेगळ्या नावाने जपा आणि मूळ हात लावण्याजोगी ठेवा. काळ्या रेघा फक्त काळ्या शाईत, चार शाया मिसळून नव्हे, नाहीतर बारीक नखांपाशी छपाई हलते. फॉइल असेल तर सोन्याचा लेयर वेगळ्या स्पॉट रंगात. भरतकामासाठी आतल्या रेघा निम्म्या कमी करा. धागा बारीक वळण घेत नाही.

फाइलसोबत एका पानावर ब्लेझन, प्रत्येक रंगाचं नाव आणि "आरशात उलटू नये" एवढी ओळ छापून द्या. छापणाऱ्याला हेराल्ड्री माहीत असायची गरज नाही. त्याला तपासता येईल असा कागद त्याच्या हाती असला पाहिजे.